घरमालकांनी गॅसची नळी प्लास्टिकच्या पाइपातून भिंतीतून आणली आहे, काय करू?

खाडीकाठची
१२ मे, रात्री ९.४०

गुहागर तालुक्यातल्या एका गावात दोन वर्षं भाड्याने राहते. नवरा बोटीवर असतो, चार-चार महिने घरी नसतो. घरात मी, सासूबाई आणि साडेचार वर्षांची मुलगी. मालकांचं जुनं जांभ्या चिऱ्याचं घर आहे. मागच्या पडवीला भिंत घालून त्यांनी दोन खोल्या काढल्यात, त्या आमच्याकडे. काका-काकू माणसं म्हणून खरंच चांगली आहेत. मागच्या पावसाळ्यात मुलीला ताप चढला तेव्हा रात्री अकराला काका स्वतः रिक्षा शोधून घेऊन आले आणि शृंगारतळीला डॉक्टरकडे आमच्याबरोबर आले. म्हणूनच बोलताना जीभ अडते.

गॅस पहिल्यापासून त्यांच्याच सिलिंडरवरून आहे. मागच्या अंगणात सिलिंडर ठेवलेत, तिथून एक नळी त्यांच्या स्वयंपाकघरात आणि एक आमच्या ओट्याखाली. महिन्याला ५०० रुपये गॅसचे वेगळे देते. आतापर्यंत यात काही वावगं आहे असं मनातही आलं नव्हतं. एप्रिलमध्ये त्यांनी पर्यटकांसाठी बाजूला एक खोली बांधली आणि तिच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर बसवला. त्यासाठी सगळी जुनी नळी काढून नवीन पाइप घातला, आता तीन फाटे झालेत. काम गावातल्या नळाची कामं करणाऱ्या मुलाने केलं, पाण्याच्या नळाला घालतात तोच पिवळट-पांढरा प्लास्टिकचा पाइप वापरून. भिंतीत भोक पाडून पाइप आत घेतला आणि वरून सिमेंट मारलं. कोपऱ्यातल्या जोडावर एमसीलचा गोळा थापलाय, त्यावर त्याच्या अंगठ्याचा ठसा अजून दिसतो. काम झाल्यावर त्याने लायटर पेटवून जोडाजवळून फिरवला आणि म्हणाला, "ताई, एकदम ओके."

परवा मुलगी खाली चटईवर चित्र काढत होती. म्हणाली, "आई, जमिनीला वास येतोय." मी ओट्याशी उभी होते, मला काही येत नव्हता. खाली वाकले, तर आला.

काकांना सांगितलं. म्हणाले, नवीन पाइपाचा वास आहे, आठ दिवसांत जाईल. आज पुन्हा सांगितलं तर चिडले, "चाळीस वर्षं हे घर मी सांभाळतोय." करार लेखी नाही. अनामत २०,००० त्यांच्याकडे आहे. मे महिना चालू आहे, आजूबाजूची प्रत्येक खोली पर्यटकांनी भरलेली, दुसरीकडे जायचं तर कुठे? त्यांना न दुखावता हे कसं सांगू?

सड्यावरचा
१२ मे, रात्री ९.४६

दुखावण्याचं नंतर बघू. आत्ता उठा, अंगणातल्या सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. दारं-खिडक्या उघडा. घरातलं एकही बटण दाबू नका, विजेचा लागलेला दिवा बंदही करू नका. देवापुढे निरांजन असेल तर तेही शांत करा. मग घरापासून लांब जाऊन १९०६ ला फोन करा. गॅसगळतीसाठीचा नंबर आहे, चोवीस तास चालतो. काही झालं तर पुढे ११२.

खाडीकाठची
१२ मे, रात्री १०.१५

बंद केला. काकू जाग्या होत्या, त्यांना म्हटलं मुलीला वास सहन होत नाही, रात्रीपुरता बंद ठेवते. त्या काही बोलल्या नाहीत. आम्ही तिघी पुढच्या अंगणात खाट टाकून बसलोय. १९०६ ला अजून लावला नाही. बंद केलाय म्हणजे आजची रात्र तरी ठीक ना?

रेग्युलेटर
१२ मे, रात्री ११.०५

रात्र ठीक आहे. पण सकाळी चहासाठीसुद्धा पुन्हा चालू करू नका.

मी १७ वर्षं एका एजन्सीत मेकॅनिक होतो, आता मालवणात शेगडी दुरुस्तीचं स्वतःचं दुकान आहे. ताई, तुमच्या मुलीने अगदी बरोबर ओळखलंय. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. तो हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो, गळला की पाण्यासारखा खाली बसतो आणि जमिनीवरून उताराकडे पसरतो. उभ्या माणसाच्या नाकापर्यंत वास पोचायच्या आधी तो खाली साचलेला असतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण २ टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते. आता तुमच्या घरात जमिनीलगत काय काय आहे ते आठवून बघा. फ्रीजचा कॉम्प्रेसर तळाला असतो, तो चालू-बंद होताना आत ठिणगी पडू शकते. आणि कोकणात दुसरी मोठी गोष्ट म्हणजे न्हाणीतली चूल. पहाटे अंघोळीचं पाणी तापवायला काकू चूल पेटवत असतील तर ती तुमच्या भिंतीपासून किती लांब आहे?

पाइपाबद्दल. रेग्युलेटरमधून गॅस फक्त ३० मिलिबार दाबाने बाहेर येतो. तो दाब कमी आहे हे खरं, म्हणून नळवाल्याला वाटतं की पाण्याचा पाइप याहून कितीतरी जास्त दाब सोसतो, मग याला काय होणार. पण तो पाइप आणि त्याचा चिकटद्रव पाण्यासाठी केलेला आहे, गॅससाठी त्याची चाचणीच झालेली नाही. उन्हाने तो कडक होतो, उंदीर-घुशी कुरतडतात आणि आगीजवळ मऊ पडून वाकतो. पाणी गळलं तर भिंतीला ओल दिसते. गॅस गळला तर भिंत कोरडीच राहते.

भिंतीत गाडणं ही तर सगळ्यात वाईट गोष्ट. आपल्याकडे चिरा पावसाळ्याचे चार महिने पाणी पितो, वर खारा वारा. देवबागला एका घरात जीआयचा लोखंडी पाइप प्लास्टरमध्ये गाडलेला होता. बाहेरून चकाचक रंग. प्लास्टर फोडून बोटाने दाबला तर पापडासारखा चुरला. लोखंडाची ही गत.

आणि लायटर फिरवून तपासणं हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यात माझ्या एका सहकाऱ्याच्या भुवया आणि हाताची कातडी गेली. वाटीत साबणाचं पाणी, रंगाचा ब्रश, जोडावर फेस लावायचा. बुडबुडा फुगला की गळती. एवढंच करायचं असतं.

एका सिलिंडरला रबरी नळीचा टी, म्हणजे दोन फाट्यांचा जोड, लावून दोन शेगड्या चालवायलाही परवानगी नाही. एकापेक्षा जास्त ठिकाणी पाइपने गॅस न्यायचा तर त्याची वेगळी पद्धत आहे, आयएस ६०४४ नावाचं मानक आहे, ते काम कंपनीने मान्यता दिलेलीच माणसं करतात.

जुनं_घर
१३ मे, सकाळी ७.२०

सगळ्यांनी मिळून त्या बाईंना एवढं घाबरवू नका. आमच्या वाडीत अर्ध्या घरांत एका सिलिंडरवर दोन शेगड्या आहेत, भावाभावांत वाटणी झाली तेव्हापासून. आजवर काही झालेलं नाही. म्हातारा माणूस चांगला आहे असं त्या स्वतः सांगतायत. १९०६ लावून एजन्सीची माणसं दारात उभी केली तर त्यांचं कनेक्शन तुटेल आणि गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. त्यापेक्षा चार माणसांत बसून बोला.

सड्यावरचा
१३ मे, सकाळी ७.५५

तुमच्या वाडीत झालं नाही याचा आनंद आहे. पण त्यांच्या घरात वास येतोय. वास आल्यावरही चार माणसं जमेपर्यंत थांबायचं का?

आवाठातली मावशी
१३ मे, सकाळी ८.१०

अगो बाय माझे, दुसरा घर गावात, पोर गावाचा नाय. त्या म्हाताऱ्याक काय सांगू नको, तेच्या बायलेक सांग. रांधपातला बायलेक कळता.

नारळीबाग
१३ मे, सकाळी ९.३०

मावशींचं खरं आहे, घर दुसरं मिळेल, मूल मिळणार नाही. काकूंशी बोला.

मी मालकाच्या बाजूचा आहे. दिवेआगरला माझ्या तीन खोल्या आहेत, दोन भाडेकरूंना, एक पर्यटकांना. मालकच नेहमी चुकतो असं नाही. एका भाडेकरूच्या खोलीत मला उलटा टांगलेला मोठा सिलिंडर सापडला होता. खालच्या पाच किलोच्या टाकीत गॅस ओतत होता तो, बंद खोलीत, पंखा चालू ठेवून. त्या दिवसापासून करारात मी लिहून घेतो की प्रत्येकाने आपल्या नावाचं कनेक्शन आणायचं.

काकांना आणखी एक गोष्ट बहुतेक माहीत नसेल. लाल १४.२ किलोचा सिलिंडर फक्त घरच्या स्वयंपाकासाठी आणि ज्या पत्त्यावर नोंद आहे तिथेच वापरायचा असतो. २००० साली केंद्राने काढलेल्या एलपीजी पुरवठा आदेशात ते स्पष्ट आहे. पर्यटकांच्या गीझरला तो जोडणं म्हणजे धंद्यासाठी वापर झाला. त्यासाठी १९ किलोचा निळा सिलिंडर घ्यावा लागतो. मला हे एजन्सीतल्या मुलीने समजावलं तेव्हा मीही आधी वाद घातला होता. निसर्ग वादळात माझी एक खोली पत्र्यासकट गेली, पुन्हा बांधताना सगळं नीट करून घेतलं.

पांढरा_एप्रन
१३ मे, दुपारी २.४०

सगळे नळीबद्दल बोलताहेत. मला तो गीझर छळतोय, म्हणून ड्यूटी संपताच लिहितेय.

मी परिचारिका आहे. काही वर्षांपूर्वी सकाळी एका मुलीला रिक्षातून आणलं, कॉलेजची, भाड्याच्या खोलीत राहणारी. अंघोळीला गेली ती बाहेर आली नाही, मैत्रिणींनी दार फोडलं. ओठ नेहमीपेक्षा गुलाबी दिसत होते, पाहणाऱ्याला वाटलं असतं झोपली आहे. न्हाणीघरात गॅस गीझर, खिडकीला प्लास्टिकचा कागद ठोकलेला, कारण पावसाचं पाणी आत येत होतं. गळती नव्हती, वास नव्हता. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, मग गुडघ्यातलं बळ जातं. दाराची कडी दोन हातांवर असते आणि तिथपर्यंत हात पोचत नाही. ती मुलगी वाचली, कारण मैत्रिणींनी पंधरा मिनिटांत हाका मारायला सुरुवात केली होती.

गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत घ्यायची. आत बसवलेला असेल तर वापरायचा नाही. पर्यटक येतात, एकापाठोपाठ चार जण अंघोळ करतात, दार बंद, खिडकी बंद. खाडीकाठची ताई, तुमच्या काकांना हे माझं लिहिलेलं वाचून दाखवा. माझ्या नावावर खपवा सगळं, तुम्ही वाईट होऊ नका.

कोणी असं बेशुद्ध सापडलं तर आधी उघड्यावर आणा, मग बाकीचं. आत धावून जाणाऱ्यानेही श्वास रोखून, दार सताड उघडून जायचं.

रेग्युलेटर
१३ मे, दुपारी ३.१५

ताई, शंभर टक्के बरोबर. शेगडीचंही तसंच. ज्योत निळी हवी. पिवळी पडून भांड्याला काजळी धरायला लागली तर बर्नर साफ करून घ्या. किनाऱ्यालगत बर्नरच्या भोकांत गंज आणि मीठ लवकर बसतं.

फणसपोळी
१३ मे, दुपारी ४.००

वासावरून एक. गॅसला स्वतःचा वास नसतो, त्यात मरकॅप्टन नावाचं वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात, हे शाळेत शिकवतो आम्ही. पण मे महिन्यात कोकणात खाटेखाली फणस पिकत घातलेला असतो! आमच्या आईने एकदा भलत्या वेळी सगळ्यांना अंगणात काढलं, सिलिंडर बाहेर नेला, शेजारचे दोघे धावून आले. शेवटी खाटेखाली फुटलेला बरका फणस सापडला. शेजाऱ्यांना तोच फणस कापून दिला. आई आजही म्हणते, पुन्हा तसा वास आला तर पुन्हा बाहेर काढीन.

सड्यावरचा
१३ मे, दुपारी ४.१२

आईंना नमस्कार सांगा. असंच करायला हवं.

पांढरा_एप्रन
१३ मे, संध्याकाळी ६.२०

वासावर सगळी मदार ठेवता येत नाही. वयस्कर माणसांचं नाक मंदावतं, सर्दीत जातं, कोविडनंतर कित्येकांचं अजून परतलेलं नाही. त्याच वासात अर्धा तास बसलं की नाक तो वास सांगायचं थांबवतं. मासळी सुकत घातलेली असेल तर आणखीनच. सासूबाईंना वास येतो का विचारून बघा.

खाडीकाठची
१३ मे, रात्री ८.५०

विचारलं. नाही येत त्यांना. आणि दुपारी दोन-तीन तास त्याच घरात एकट्या असायच्या, मी कामावर, मुलगी बालवाडीत. हे वाचल्यापासून हात थरथरतायत.

काकूंशी बोलले. अंगणात कोकमं फोडत बसल्या होत्या, मीही बसले. पांढरा एप्रन ताईंचं वाचून दाखवलं. हात थांबवून ऐकलं त्यांनी. मग म्हणाल्या, न्हाणीत चूल मी पेटवते रोज पाचला, ती भिंत तुझीच. उद्या एजन्सीत मीच फोन करते, गॅसचं पुस्तक माझ्याच नावाचं आहे.

कोर्टवाली
१३ मे, रात्री १०.३०

काकूंनी फोन करणं हे सगळ्यात उत्तम. तरी कायद्याचं सांगून ठेवते. मी चिपळूणला वकिली करते.

लेखी करार नाही म्हणून आपली बाजू लंगडी, असं भाडेकरू समजतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाची. नसेल केला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरतात. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम १४ प्रमाणे जागा नीट दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. निदान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने केलं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाला भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंत. चिडून पाणी किंवा वीज तोडली तर कलम २९ आहे. मात्र लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवाना-करारावर राहणाऱ्यांनी कलम १४ वर विसंबू नये, ते भाडेकरूंसाठी आहे. शिवाय हा कायदा परिशिष्टात दिलेल्या भागांनाच लागू होतो. ताई, गावाचं नाव मला व्यक्तिगत कळवा, मी पाहून सांगते.

गाव परिशिष्टाबाहेर असलं तरी भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ सगळीकडे आहे: आग किंवा ज्वालाग्राही वस्तूबाबत निष्काळजीपणा करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं. सहा महिन्यांपर्यंत कैद, २,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. पूर्वी हेच भारतीय दंड विधानाचं कलम २८५ होतं.

आणि १५ दिवसांची नोटीस गळक्या छपरासाठी ठीक. गॅससाठी पंधरा दिवस थांबायचं नाही, तिथे १९०६ च.

जुनं_घर
१४ मे, सकाळी ६.५०

रात्री विचार करत होतो. आमच्याकडे भावाच्या घरात जाणारी नळी माळ्यावरून जाते. आज बघतो. काल जरा घाईने लिहिलं मी.

एक विचारतो, विमा असतो ना सिलिंडरचा?

रेग्युलेटर
१४ मे, सकाळी ९.१०

बरं केलंत. नळी किती साली घातली तेही आठवा.

विमा असतो. तेल कंपन्यांचा सार्वजनिक दायित्व विमा आहे, ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख, औषधोपचाराला माणशी २ लाखांपर्यंत आणि एका घटनेत एकूण ३० लाखांपर्यंत, घराच्या नुकसानीला २ लाखांपर्यंत. पण घराचं नुकसान नोंदलेल्या पत्त्यावरच धरतात. शिवाय आयएसआयची नळी-रेग्युलेटर होती का, जोडणी कुणी केली, सगळं बघतात. पाण्याच्या पाइपावर तीन फाटे काढलेले दिसल्यावर दाव्याचं काय होईल, तुम्हीच सांगा.

वाशिष्ठीचं पाणी
१४ मे, दुपारी १२.४०

आमचं चिपळूण. २२ जुलै २०२१ चा पूर आठवला. भरलेला सिलिंडरसुद्धा तरंगतो हे त्या दिवशी कळलं, आमचा जिन्याखाली उभा होता तो छताच्या तुळईला धडका देत होता. पाणी ओसरल्यावर घरमालकांनी फडक्याने पुसून दुसऱ्या दिवशी तोच रेग्युलेटर लावला. चिखल आतपर्यंत गेलेला होता. ज्योत एकदम हातभर वर आली. मी भाडेकरू, नवीन लग्न झालेलं, तेव्हा गप्प बसले होते. आता बसणार नाही. पुरात बुडालेली नळी आणि रेग्युलेटर एजन्सीकडून बदलूनच घ्यायचे.

कंदील
१४ मे, दुपारी १.३०

भाडेकरूंनी स्वतःचं कनेक्शन घेणं इतकं अवघड नाही. मी रत्नागिरीला बदली होऊन आलो तेव्हा, २०२३ मध्ये, आधार आणि भाडेकरार दाखवला. सिलिंडरची अनामत २,२०० आणि रेग्युलेटरची २५०, नळी वेगळी. ज्यांच्याकडे पत्त्याचा कागदच नाही, बागेतले राखणदार, बोटीवरची मुलं, त्यांना ५ किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. तो एजन्सीत बदलून मिळतो, घरी भरायचा नाही.

खाडीकाठची
१५ मे, रात्री ९.२०

आज सकाळी मेकॅनिक आला. काकूंनी फोन केला होता, काकांना सांगितलं नव्हतं. दारात त्याची पिशवी बघून काका भडकले, माझ्याकडे बघून म्हणाले, "तू बोलावलंस." मी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "मी बोलावलं."

त्याने आधी मेन स्विच पाडायला लावला, न्हाणीतली चूल विझवून वर पाणी ओतलं, आम्हाला लांब उभं केलं. मग सिलिंडर जरासा चालू केला. एमसीलच्या गोळ्यावर फेस लावला, तिथे बारीक बुडबुडे आले. मला वाटलं, सापडलं. पण तो आत आला, ओट्याजवळ गुडघ्यावर बसला आणि भिंत आणि लादी मिळतात त्या सांध्यात ब्रशने पाणी सोडत गेला. मुलगी चटई टाकते तिथे येऊन ब्रश थांबवला. एक बुडबुडा आला, लिंबाएवढा फुगला, फुटला. लगेच दुसरा. काका माझ्या मागेच उभे होते. पाचव्या-सहाव्या बुडबुड्यानंतर ते बाहेर जाऊन पायरीवर बसले.

मेकॅनिकने सिलिंडर बंद करून रेग्युलेटर काढला, टोपी लावली. त्याने कागदावर लिहून दिलं: पाइपजोडणी धोकादायक, पूर्ण काढावी, एका स्वयंपाकघरापुरतीच जोडणी ठेवावी. काकूंची सही घेतली. दुपारी सगळा पाइप उपटला. भिंतीतल्या भोकात पाइपाला सिमेंटच्या कडेने चीर गेलेली होती, वीतभर लांब.

सासूबाईंच्या नावचं कनेक्शन चिपळूणच्या बंद घरात पडून होतं. ते ट्रान्सफर व्हाउचर घेऊन इथे आणतेय, सोमवारी होईल असं एजन्सीत म्हणाले. तोवर जेवण काकूंच्या चुलीवर, दोघींचं एकत्र.

आवाठातली मावशी
१५ मे, रात्री ९.४०

काकूक माझो नमस्कार सांग गो.

पांढरा_एप्रन
१५ मे, रात्री १०.०५

डोळ्यांत पाणी आलं वाचून. गीझरचं काय झालं?

खाडीकाठची
१५ मे, रात्री १०.३०

पाइप नाही म्हणून बंद आहे. पण अजून न्हाणीघरातच लटकतोय. २५ तारखेला पुण्याचे पाहुणे येणार आहेत. काका सकाळपासून माझ्याशी बोललेले नाहीत. संध्याकाळी मात्र या महिन्याचे गॅसचे ५०० रुपये मुलीच्या हातात देऊन गेले. मी काकूंना सांगून ठेवलंय, गीझर बाहेर गेल्याशिवाय पाहुणे आले तर त्यांना मी स्वतः सांगणार. मग खोली सोडावी लागली तरी चालेल.

नारळीबाग
१६ मे, सकाळी ८.००

काकांना माझ्याशी बोलायला सांगा, मालक मालकाशी बोलेल. माझ्याकडे विजेचा १५ लिटरचा गीझर पडून आहे, जुना पण चांगला. गाडी त्या बाजूला येणार आहे, देऊन जाईन.

जुनं_घर
१६ मे, सकाळी ९.१५

माळ्यावर चढलो. नळी हिरवी रबरी, बागेला पाणी घालतात ती. दोन ठिकाणी उंदराने कुरतडलेली, एका जागी आतला धागा दिसत होता. काढून टाकली. भावाशी चार वर्षं बोलणं नव्हतं, आज त्याच्या दारात जाऊन सांगावं लागलं. तो पण चढला माझ्याबरोबर.

नवीन_आलेली
१६ मे, रात्री १०.५०

मी अलिबागला पेइंग गेस्ट आहे, सहा मुली, एकच स्वयंपाकघर. हे सगळं वाचून आत्ता ओट्याखाली बॅटरी मारून बघितलं. नारिंगी नळी आहे, म्हणजे चांगली ना? मालकीणबाई म्हणतात कंपनीचीच आहे.

रेग्युलेटर
१६ मे, रात्री १०.५८

नारिंगी आहे हे चांगलं. पण तिचं आयुष्य ५ वर्षं. नळीवरच छापलेलं असतं, आयएसआयचं चिन्ह आणि महिना-साल. वाचून सांगा. दोन्ही टोकांना चिरा आहेत का तेही बघा, नळी जरा वाकवून. सिलिंडरच्या कड्याखालच्या पट्टीवर ए, बी, सी, डी पैकी एक अक्षर आणि साल असेल. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, याप्रमाणे. ती पुढच्या चाचणीची तारीख, उलटून गेलेली असेल तर सिलिंडर परत करा.

नवीन_आलेली
१६ मे, रात्री ११.०६

सिलिंडर ठीक आहे, तारीख पुढची आहे. नळीवरचं अर्धं पुसलंय. साल दिसतंय. २०१६.

रेग्युलेटर
१६ मे, रात्री ११.०७

रेग्युलेटर आत्ताच बंद करा, बाकीच्या मुलींनाही उठवून सांगा. सकाळी चहा बाहेर घ्या आणि एजन्सी उघडली की नवी नळी बसवून घ्या. मालकीणबाई नाही म्हणाल्या तर मला लिहा, मी त्यांच्याशी बोलतो.